कबड्डी मॅनेजमेंट गेममध्ये खेळाडूंचे करार खरे कसे वाटतील?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देवगडला बसून तुम्ही कबड्डीचा मॅनेजमेंट गेम बनवताय. अलिबाग, महाड, दापोली, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली, मालवण, वेंगुर्ला असे आठ संघ. प्रत्येकाला मोसमाला ५० लाखांची पर्स (खेळाडूंवर खर्चायची कमाल रक्कम) आणि २० खेळाडू. पगाराचं सूत्र तीनदा बदललंत, तरी चाचणीला बसवलेला प्रत्येक मित्र दुसऱ्या मोसमापर्यंत विशी-एकविशीची सगळी पोरं पाच-पाच वर्षांसाठी बांधून घेतो आणि चौथ्या मोसमानंतर त्याला कुणी हरवू शकत नाही. उलट संगणकाच्या एखाद्या संघाकडे चढाईपटूच नसतो, तर दुसऱ्याकडे अकरा असतात. म्हणून तुम्ही विचारलंत की पगाराचं योग्य सूत्र कोणतं.

सूत्र देतो. पण तुमचं दुखणं सूत्रात नाही, म्हणून तीनदा बदलूनही फरक पडला नाही. तुमच्या गेममध्ये करार म्हणजे दोन आकडे, पगार आणि वर्षं. त्यातल्या पगाराला किंमत आहे, वर्षांना काहीच नाही. एक वर्षाचा करार १ लाख ४७ हजारांना आणि पाच वर्षांचाही दरसाल १ लाख ४७ हजारांनाच मिळत असेल, तर पाच वर्षांचा कोण घेणार नाही? खऱ्या करारात भांडण असतं ते पुढे काय होईल यावर. पोरगा अचानक चांगला खेळायला लागेल, गुडघा जाईल, वय होईल, लीगची पर्स वाढेल. या चार गोष्टींपैकी प्रत्येक गोष्ट घडली तर तिचा फायदा-तोटा कुणाच्या नावावर, हे ठरवणं म्हणजे करार. तुमचे नियम ते ठरवतच नाहीत, त्यामुळे सगळा फायदा आपोआप माऊस हातात असलेल्या माणसाला जातो.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेली गोष्ट आधी सांगून टाकतो: तुमची लीग लिलावावर चालते की खरेदी-विक्रीवर? तुमच्या वर्णनात दोन्ही दिसतात आणि अर्धी भोकं तिथूनच पडतात. प्रो कबड्डी २०१४ पासून लिलावावर चालते. तिथे पर्स ठरलेली, खेळाडू राखून ठेवायचे प्रकार ठरलेले (एलिट, रिटेन्ड यंग, न्यू यंग), आणि बाकीचे हातोड्याखाली. फुटबॉल वेगळ्या पायावर उभा आहे. तिथे क्लब दुसऱ्या क्लबला पैसे देऊन चालू करारातला खेळाडू घेतो, आणि युरोपीय न्यायालयाच्या १५ डिसेंबर १९९५ च्या बॉसमन निकालानंतर युरोपात करार संपलेला खेळाडू फुकटात जाऊ शकतो. म्हणून तिथे लांब करारांना एवढं महत्त्व आलं. फिफाने त्यालाही कुंपण घातलंय. देशाचा कायदा वेगळं सांगत नसेल तर जास्तीत जास्त ५ वर्षांचा करार, १८ खालच्या मुलाला ३ वर्षं, आणि दुसऱ्या क्लबशी बोलणी करारातले शेवटचे सहा महिने उरले तरच.

यातली कोणतीही पद्धत घ्या, पण सगळी घ्या. फुटबॉलमधली ट्रान्स्फर फी आणून कबड्डीच्या पर्समध्ये टाकलीत आणि ती फी पर्समध्ये धरायची की नाही हे लिहिलं नाहीत, तर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी वीस पोरं विकून पर्स दुप्पट करेल. माझा सल्ला: लिलाव ठेवा, खरेदी-विक्री काढून टाका, आणि मोसमाच्या मध्यात फक्त खेळाडूच्या बदल्यात खेळाडू होऊ द्या, तेही दोघांचे उरलेले पगार एकमेकांच्या १५ टक्क्यांत असतील तर. यापुढचं सगळं मी हेच धरून लिहितोय.

पायाची किंमत. लीगमध्ये कुणालाही फुकट मिळेल असा जो खेळाडू, त्याचा दर्जा हा शून्यबिंदू धरायचा. तो १०० पैकी ५५ समजा. ५५ चा खेळाडू दापोलीच्या कुठल्याही मंडळात सापडतो, त्याला किमान पगारापेक्षा जास्त कुणी देणार नाही. त्याच्या वर प्रत्येक गुण अधिकाधिक महाग होतो, कारण मॅटवर सातच जण उतरतात. ६५ चे दोघे मिळून ७५ च्या एकाची जागा भरत नाहीत. म्हणून वर्ग: पगार = किमान पगार + क × (गुण − ५५)², यात क हा गुणक. किमान पगार ६० हजार धरा.

‘क’ डोक्यातून काढू नका, हिशोबातून काढा. एका संघात ७८ गुणांचे सात, ६८ चे पाच आणि ६० चे आठ असे वीस जण धरू. (गुण − ५५)² ची बेरीज ३७०३ + ८४५ + २०० म्हणजे ४७४८. संघाने पर्सचे ९२ टक्के, म्हणजे ४६ लाख खर्च करावेत असं ठरवू. त्यातून वीस किमान पगारांचे १२ लाख वजा, उरले ३४ लाख. भागिले ४७४८, क आला ७१६. सोयीसाठी ७२० धरतो. मग ७८ चा खेळाडू ४ लाख ४१ हजारांना पडतो, ६८ चा १ लाख ८२ हजारांना, ६० चा ७८ हजारांना आणि ९० चा ९ लाख ४२ हजारांना. दर मोसमाच्या लिलावाआधी हा ‘क’ पुन्हा काढायचा, पण तेव्हा सगळ्या संघांकडे उरलेले पैसे आणि बाजारात असलेले खेळाडू एवढेच मोजायचे. चांगले खेळाडू कमी आणि पैसा जास्त असेल त्या वर्षी भाव आपोआप चढतील. महागाईचा वेगळा नियम लिहावा लागत नाही.

इथे एक शंका येईल. या सूत्राने ९५ गुणांचा खेळाडू १२ लाख १२ हजारांना, म्हणजे पर्सच्या २४ टक्क्यांना जातो. प्रत्यक्षात २०२२ च्या लिलावात पवन सेहरावतला तमिळ थलैवाजने २ कोटी २६ लाख मोजले तेव्हा एका संघाची पर्स ४ कोटी ४० लाख होती. एका माणसाला निम्म्याहून जास्त! पुढच्या वर्षी पर्स ५ कोटी झाली आणि तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले, प्रमाण पुन्हा निम्म्याच्या वरच. कारण खेळातच आहे. बाद झालेला मुख्य चढाईपटू पकडीच्या गुणावर परत येतो आणि पुन्हा चढाईला जातो, त्यामुळे एकच माणूस सामन्यातल्या कितीतरी चढाया खातो. तरी सूत्रातला घातांक वाढवून हे साधू नका. वर्गाऐवजी घन केलात तर ८०-८५ चे बचावपटूही विनाकारण महाग होतात. सूत्राचा आकडा म्हणजे खेळाडूची मागणी एवढंच राहू द्या. वरची चढाओढ लिलावात दोन श्रीमंत संघांना करू द्या, आणि संगणकाच्या संघांना ‘माझ्याकडे पहिला चढाईपटू नाही’ या कारणासाठी दीडपटीपर्यंत जायची मुभा द्या.

आता मूळ मुद्दा, वर्षं. खेळाडूने बहुवर्षीय करारासाठी मागायचा पगार असा काढा: प्रत्येक वर्षी आपण किती गुणांचे असू याचा त्याचा स्वतःचा अंदाज, त्या अंदाजाचा त्या-त्या वर्षीचा बाजारभाव, सगळ्यांची सरासरी, आणि तीन वर्षांच्या निश्चिंतीबद्दल १० टक्के सूट.

वीस वर्षांचा चढाईपटू घ्या. आज ६६, पुढच्या वर्षी ७०, मग ७४ होऊ असं त्याला वाटतं. भाव अनुक्रमे १ लाख ४७ हजार, २ लाख २२ हजार, ३ लाख २० हजार. सरासरी २ लाख ३० हजार, सूट जाऊन २ लाख ७ हजार. म्हणजे एका वर्षासाठी तो १ लाख ४७ हजारांत येईल, पण तीन वर्षांसाठी बांधायचा तर पहिल्या वर्षापासून ६० हजार जास्त मोजा, आणि तो ७४ चा झालाच नाही तर ते तुमचे गेले. तुमच्या मित्रांची युक्ती इथेच बंद पडते. असे दहा जण बांधले की चालू मोसमाच्या पर्समधून ६ लाख उडतात, आणि त्या पैशांत आजचा एक चांगला कोपरारक्षक आला असता.

दुसऱ्या टोकाला ३१ वर्षांचा मध्यरक्षक. आज ८०, मग ७६, मग ७१. भाव ५ लाख १० हजार, ३ लाख ७८ हजार, २ लाख ४४ हजार. सरासरी ३ लाख ७७ हजार, सूट जाऊन ३ लाख ४० हजार. हा माणूस एका वर्षाला ५ लाख १० हजार मागेल, पण तीन वर्षांची हमी दिलीत तर ३ लाख ४० हजारांत तयार होईल. संघाची यंदा १ लाख ७० हजारांची बचत, दुसऱ्या वर्षी ३८ हजारांची, आणि तिसऱ्या वर्षी ९६ हजार डोक्यावर. यंदाच चषक जिंकायचा असेल तर घ्यावा असा सौदा आहे, आणि संघ उभारायचा असेल तर घेऊ नये असा. तरुणाला छोटा करार हवा, संघाला लांब. उतरत्या वयाच्याला लांब हवा, संघाला छोटा. या ओढाताणीतून गेममध्ये निर्णय तयार होतात. तुमच्याकडे सध्या आहे ती नुसती खरेदी.

यात दोन कुंपणं घाला. २१ खालच्याला कमाल ३ वर्षं, आणि त्यातलं तिसरं वर्ष संघाच्या मर्जीवर. अमेरिकेतल्या एनबीए या बास्केटबॉल लीगमध्ये पहिल्या फेरीत निवडलेल्या नवख्याचा करार असाच असतो, चार वर्षांतली शेवटची दोन संघाच्या मर्जीची. दुसरं म्हणजे पर्स वाढली की जुने करार आपोआप स्वस्त होतात, म्हणून लांब करारात दरसाल ५ टक्के वाढ घाला. प्रो कबड्डीची पर्स ४ कोटी ४० लाखांवरून ५ कोटींवर गेली, म्हणजे एका फटक्यात साडेतेरा टक्क्यांहून जास्त वाढ. गेममध्ये अशी उडी घेतलीत आणि करारांना वाढ नसेल तर आधीच्या वर्षी ज्याने सगळे बांधले तो फुकटात राजा.

आणि एक फार मोठी गळती. वरच्या उदाहरणात मी ‘त्याचा स्वतःचा अंदाज’ म्हटलं ते मुद्दाम. खेळाडूच्या मागणीत तुम्ही गेममधली खरी, लपवलेली क्षमता वापरलीत, तर हुशार खेळणारा स्काउटवर (खेळाडू हेरणाऱ्यावर) एक रुपया न घालवता नुसती चौकशी करत फिरेल, आणि जो जास्त मागतो तोच उद्याचा तारा हे ओळखेल. म्हणून तीन वेगळे आकडे ठेवा: खरी क्षमता (कुणालाच दिसत नाही), खेळाडूला स्वतःबद्दल वाटतं ते, आणि संघाच्या स्काउटला वाटतं ते. खेळाडूचा अंदाज खऱ्या आकड्याभोवती ५-६ गुण इकडेतिकडे हलवा आणि तो त्याच्या स्वभावाशी जोडा. स्वतःला ओळखून असलेला, फुशारक्या मारणारा, आणि गुणी पण बुजरा, असे तीन पुरतात. बुजऱ्यांना शोधणं ही मग स्काउटची खरी कमाई ठरते.

इथवर किमतीचं झालं: पाया बाजारातून, वर्षांची किंमत अंदाजातून, आणि अंदाज सत्यापासून वेगळा. आता खेळाडू ‘नको’ कधी म्हणतो ते बघू, कारण कोकणातला गेम म्हणून तुमचा वेगळेपणा इथेच दिसेल.

नकार द्यायला हाताशी दुसरं काहीतरी असावं लागतं. व्यावसायिक फुटबॉलपटूला दुसरा क्लब असतो. कबड्डीपटूला नोकरी असते. रेल्वे, पोलीस, बँका, तेल कंपन्या यांचे संघ आणि खेळाडू कोट्यातली भरती हा या खेळाचा कणा आहे. प्रो कबड्डी आली तरी पोराच्या आईला विचाराल तर ती कायमची नोकरीच आधी मोजेल. तेव्हा प्रत्येक खेळाडूला ‘पोटापाणी’ अशी एक नोंद द्या आणि ती महिन्याप्रमाणे बदलू द्या. कायम नोकरीवाला पगारासाठी अडून बसत नाही, त्याला रजा आणि ना-हरकत हवी असते. खात्याची स्पर्धा लागली की तो चार-पाच सामने नाही. लोटे परशुरामच्या कारखान्यात पाळीवर असलेला चिपळूणचा पोरगा रात्रपाळीच्या आठवड्यात सरावाला येणार नाही. हर्णैच्या बोटीवर जाणारा जून-जुलैत मोकळा असतो, कारण १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. १ ऑगस्टला बोटी निघाल्या की त्याचा वेळ महाग. आंब्याच्या बागेत राबणारा देवगडचा गडी एप्रिल-मे मध्ये कमी पैशांत हलणार नाही. हे तुम्हाला मी सांगायला नको.

गणितात हे असं बसवा: खेळाडूची किमान मागणी म्हणजे सूत्राचा आकडा किंवा त्या महिन्यांत बुडणारी मजुरी अधिक २० टक्के, यातला जो मोठा तो. ५५ ते ६२ गुणांच्या खेळाडूंना हा नियम फार बदलतो, ८० च्या वरच्यांना अजिबात नाही, आणि तसंच हवं. दुसरा परिणाम वर्षांवर. ज्याला नोकरी नाही त्याची निश्चिंतीची सूट १० ऐवजी १५ टक्के करा. कायम नोकरीवाल्याची ३. तिसरा, नोकरीचा हात. एखाद्या संघाच्या मालकाला ‘नोकरी लावून देतो’ म्हणायची सोय द्या, पण मोसमाला दोनच जागा. हे वाक्य गेममध्ये पगारापेक्षा जास्त चालेल, म्हणून मोजूनच.

घरची ओढही घाला, पण जपून. वेंगुर्ल्याचा खेळाडू अलिबागपेक्षा वेंगुर्ल्याला खेळायला राजी असतो हे खरं. ती ओढ दोन प्रस्ताव एकमेकांच्या ८ टक्क्यांत असतील तेव्हाच निर्णायक ठरू द्या. सरसकट २० टक्के सूट दिलीत तर जिथे चांगले खेळाडू जन्माला आले तो संघ कायमचा वर राहील. शिमगा आणि गणपती हे सामन्यांच्या वेळापत्रकातच सुट्टी म्हणून टाका. करारात रजेचं कलम ठेवायची गंमत वाटते खरी, पण तिसऱ्या मोसमाला खेळणारा वैतागतो.

नकाराचं कारण मात्र नेहमी शब्दांत दाखवा. ‘प्रस्ताव फेटाळला’ एवढंच आलं की माणूस गेमला शिव्या घालतो. मालवण-कणकवलीकडचा खेळाडू “तीन वर्सां ह्याच पैशांत? नको. एक वर्साचा करूया, फुडचा फुडे बघूया” असं म्हणाला, तर काय बदलायचं ते लगेच कळतं. आकडा सांगायचा नाही, दिशा सांगायची. बोलणीच्या फेऱ्या तीन, आणि प्रत्येक खेळाडूचा निकाल पहिल्या भेटीतच ठरवून जतन करा. नाहीतर लोक गेम सेव्ह करून दहा वेळा तीच बोलणी खेळतात, जोवर तो स्वस्तात हो म्हणत नाही.

दुखापत आणि सुटका हे एकत्र बघायचे, कारण दोन्हींत प्रश्न एकच: खेळत नसलेल्याचे पैसे कुणी द्यायचे? वर सांगितलेला पवन सेहरावत २०२२ च्या मोसमात पहिल्याच सामन्यात गुडघा दुखावून बाहेर गेला तो मोसमभर परतला नाही. पर्सचा निम्मा भाग बाकावर. तरीही थलैवाज उपांत्य फेरीत पोहोचले, नरेंदरसारख्या तरुण चढाईपटूच्या जोरावर. तुमच्या गेममध्ये दोन्ही शक्य असलं पाहिजे: मोठा फटका बसणं, आणि त्यातून स्वस्त बाकाच्या आधारे तरून जाणं.

त्यासाठी पैसे तीन तुकड्यांत द्या. ३० टक्के सही करताना, ५० टक्के नोव्हेंबर ते मार्च अशा पाच समान हप्त्यांत, २० टक्के मोसम संपल्यावर. संघाच्या सामन्यात किंवा सरावात दुखापत झाली तर सगळे तुकडे मिळतात. ४५ दिवसांहून मोठी दुखापत असेल तर संघाला बदली खेळाडू घेता येईल, आणि दुखापतग्रस्ताच्या उरलेल्या पगाराच्या निम्म्यापर्यंतची रक्कम पर्सबाहेर धरली जाईल. निम्मीच, पूर्ण नाही. पूर्ण दिलीत तर लोक म्हाताऱ्या, दुखऱ्या खेळाडूंना मुद्दाम घेऊन पर्स फुगवतील.

आणि गावच्या रात्रीच्या स्पर्धा! ज्या गेममध्ये कोकण आहे आणि प्रकाशझोतातली मातीवरची स्पर्धा नाही, तो गेम कोकणातला नाही. मंडळं बाहेरचे खेळाडू बोलावतात, रोख बक्षीस असतं, आणि करारबद्ध पोराला मोह होतो. कलम साधं ठेवा: परवानगी घेऊन खेळला आणि दुखावला तर संघ हप्ते देतो, शेवटचे २० टक्के जातात. न विचारता खेळला तर उरलेले सगळे हप्ते थांबतात. परवानगी नाकारलीत तर त्याची नाराजी वाढते, आणि गावातला असेल तर प्रेक्षकांचीही. एवढ्या एका कलमातून जितके पेच निघतात तितके बोनसच्या दहा कलमांतून निघत नाहीत.

सुटका फुकट ठेवलीत तर आधीचं सगळं वाया जातं हे लक्षात घ्या. ३१ वर्षांच्या मध्यरक्षकाला तीन वर्षांच्या हमीवर ३ लाख ४० हजारांत घ्यायचं, एक वर्ष खेळवायचं आणि सोडून द्यायचं. म्हणजे ५ लाख १० हजारांचा माल तिसरा हिस्सा कमी दरात. म्हणून नियम असा: चालू मोसमाचा पूर्ण पगार हमीचा, पुढच्या प्रत्येक मोसमाचा ४० टक्के. पहिल्या मोसमानंतर त्याला सोडलंत तर ३ लाख ४० हजारांचे ४० टक्के, दोन मोसमांचे मिळून २ लाख ७२ हजार, आणि ते दोन मोसमांच्या पर्समध्ये दरसाल १ लाख ३६ हजार असे चिकटतात. खेळाडू नाही, भार आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये यालाच डेड मनी म्हणतात. तिथे सहीचा बोनस जास्तीत जास्त पाच वर्षांवर पसरवता येतो, आणि खेळाडूला आधी सोडला की उरलेला भाग एकदम अंगावर येतो. हा भार पडद्यावर लाल अक्षरांत दाखवा, लपवू नका. चूक केल्याचं समजलं की माणूस पुढच्या मोसमाला सावध होतो, आणि हा गेम शिकण्याचा भाग आहे.

बोनसबद्दल थोडक्यात. सुपर टेनला (एका सामन्यात चढाईचे दहा गुण) अमुक, हाय फाइव्हला (पकडीचे पाच गुण) तमुक अशी कलमं घालायला सोपी आणि फसायलाही सोपी. नऊ गुणांवर असलेल्या चढाईपटूला लोक बाहेर काढून बसवतील. त्याला अडवायला खेळाडूची स्मरणशक्ती पुरते: बोनसच्या उंबरठ्यावर तीनदा बाहेर काढलंत की तो पुढचा करार बोनसशिवाय मागतो आणि १५ टक्के महाग मागतो. पर्समध्ये बोनस किती धरायचा? एनबीएचा कायदा उचला: गेल्या मोसमात त्याने जेवढं केलं तेवढं पुन्हा होणारच असं धरून ते पर्समध्ये मोजायचं, त्याहून जास्त असेल ते नाही. बोनसची कमाल मर्यादा मूळ पगाराच्या २५ टक्के. बस्स.

राहिले संगणकाचे संघ, जिथे सध्या आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय. अकरा चढाईपटू गोळा होतात कारण प्रत्येक बोलीला तुमचा कोड खेळाडूची एकट्याची किंमत बघतो, आपल्या घरात काय आहे ते बघत नाही. किंमत जागेप्रमाणे उतरवा. पहिल्या चढाईपटूला पूर्ण, दुसऱ्याला ८५ टक्के, तिसऱ्याला ६०, चौथ्याला ३०. डाव्या कोपरारक्षकाचा पहिला पूर्ण, त्याच बाजूचा दुसरा ४५ टक्के. दुसरी अट पैशांची: कमाल बोली म्हणजे उरलेले पैसे वजा (उरलेल्या जागा − १) × किमान पगार. १२ लाख शिल्लक आणि ९ जागा भरायच्या असतील तर १२ लाख वजा ४ लाख ८० हजार, म्हणजे ७ लाख २० हजारांपुढे हात वर करायचा नाही. ही एक ओळ नसली की लिलावाच्या शेवटी दोन संघ पंधरा खेळाडूंवर अडकतात.

तिसरी गोष्ट बारीक आहे. प्रत्येक संघाचा स्काउट थोडा चुकतो, आणि लिलावात जिंकतो तो बहुतेकदा सर्वांत जास्त चुकलेला, कारण त्यालाच खेळाडू सगळ्यात मोठा वाटला. संगणकाने आपल्या अंदाजातून ५ ते ८ टक्के आधीच कापून बोली लावली तर तो दरवर्षी महागात पडत नाही. सगळ्या संघांना सारखं कापायला लावू नका. एखादा मालक हौशी असू द्या, एखादा चिकट. आपल्याकडे हे दोन्ही नमुने नव्याने घडवावे लागत नाहीत.

प्रो कबड्डीतलं ‘फायनल बिड मॅच’, म्हणजे जुन्या संघाने शेवटची बोली जुळवून खेळाडू परत घेणं, हे जरूर घ्या, पण दोनच कार्डं द्या. नुसतं जुळवू दिलंत तर इतरांनी बोली वाढवण्यात अर्थच राहत नाही. भाव त्यांनी काढायचा आणि खेळाडू दुसऱ्याने न्यायचा. आयपीएलने २०२५ च्या मोसमासाठी झालेल्या मोठ्या लिलावात राइट टू मॅचला एक चांगली जोड दिली: जुन्या संघाने कार्ड दाखवल्यावर सर्वोच्च बोलीवाल्याला आणखी एकदाच आकडा वाढवता येतो, आणि मग जुन्या संघाने तो द्यायचा की सोडायचा. गेममध्ये ही शेवटची उडी म्हणजे खरी रंगत. प्रतिस्पर्ध्याकडून जास्त पैसे उकळावेत म्हणून उडी मारणारा स्वतःच गळ्यात खेळाडू घेऊन बसू शकतो.

सुरुवातीच्या जगात करार एकाच वर्षी संपू देऊ नका. पहिल्या दिवशी ३५ टक्के खेळाडूंचं एक वर्ष उरलेलं, ३५ टक्क्यांची दोन, बाकीच्यांची तीन. हे विसरलं की तिसऱ्या मोसमात अर्धी लीग एकदम बाजारात येते आणि ‘क’ वेडावाकडा उडतो.

हे सगळं घातल्यावर स्वतः खेळून बघू नका, आधी गेमला एकट्याला ३० मोसम चालवा आणि चार आकडे लिहून काढा. प्रत्येक संघाने पर्सचे ८५ ते ९७ टक्के खर्च केले का? ७० गुणांवरचे किती जण कराराविना घरी बसले (दोनचारपेक्षा जास्त नकोत)? सगळ्यात यशस्वी संघाकडे किती चषक गेले (३० पैकी दहाच्या वर गेले तर कुठेतरी गळती आहे)? आणि एक वर्षाचे करार एकूण करारांच्या किती टक्के? ३० ते ५० मध्ये असले तर वर्षांची किंमत जमली. मग नववा, लोभी संघ कोडमध्ये लिहा, जो तुमच्या मित्रांसारखंच करतो: २१ खालचे सगळे, कमाल मुदतीला. तो आठ मोसमांत तीनपेक्षा जास्त चषक जिंकत असेल, तर पगाराच्या सूत्राला हात न लावता निश्चिंतीची सूट १० वरून ७ करा आणि पुन्हा चालवा. मग आणखी एक लोभी संघ लिहा: तिशीपुढचे सगळे, तीन वर्षांच्या हमीवर, आणि पहिल्या मोसमानंतर सोडून. हा जिंकू लागला तर हमीचे ४० टक्के ५० करा. एका वेळी एकच आकडा हलवायचा, आणि हलवण्याआधीच्या ३० मोसमांची नोंद पुसायची नाही.